कानाचा पडदा आणि हातातला वेळ
(खातेदार मेळाव्यातील भाषण)



ठेवी आणि व्याजदर सोडून आज मी कानाच्या पडद्याच्या ऑपरेशनबद्दल बोलणार आहे. कारण सांगतो. दवाखान्याचा खर्च आला की बचतीची घडी मोडते, हे आपण सगळे जाणतो. पण सगळेच खर्च अचानक येत नाहीत. हार्ट अटॅक सांगून येत नाही. कानाच्या पडद्याला पडलेलं भोक मात्र बहुतेक वेळा वर्षानुवर्षं सांगत असतं. कान वाहतो, थांबतो, सर्दी झाली की पुन्हा वाहतो, ऐकू कमी येतं. आपण कापसाचा बोळा घालतो आणि पुढे चालतो. म्हणजे या ऑपरेशनची तयारी करायला वेळ मिळतो. तो वेळ कसा वापरायचा, एवढाच आजचा विषय.

आधी आजार समजून घेऊ, कारण पैशाचा निर्णय त्यावरच ठरतो. कानाचा पडदा म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची, कागदासारखी पातळ त्वचा. आवाजाने ती थरथरते, तिच्या मागची तीन चिमुकली हाडं ती थरथर आत पोचवतात आणि आपल्याला ऐकू येतं. या पडद्याला भोक पडण्याची कारणं नेहमीची आहेत. लहानपणी सर्दीबरोबर झालेला कानातला संसर्ग, कानशिलात बसलेली जोरदार चपराक, फटाक्याचा किंवा स्फोटाचा दणका, आणि कान खाजवायला घातलेली काडी किंवा पिन. मोठ्या स्टेशनांबाहेर आणि बाजारांत लाल पगडी बांधून कान साफ करून देणारे बसलेले असतात. त्यांच्या पोटावर पाय द्यायची मला इच्छा नाही, पण कान त्यांच्याकडे देऊ नका. कानातला मळ बहुतेकांच्या बाबतीत आपोआप बाहेर येतो.

मार लागून किंवा दणक्याने पडदा फाटला असेल, तर बऱ्याचदा तो काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत, आपला आपण भरून येतो. त्यामुळे डॉक्टर सहसा लगेच ऑपरेशन सांगत नाहीत. कान कोरडा ठेवा, तेल घालू नका, न विचारता थेंब टाकू नका आणि नाक जोरात शिंकरू नका, एवढंच सांगतात. कुणी दुसऱ्या दिवशीच "आजच भरती व्हा" म्हणालं, तर कारण विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. त्या दुसऱ्या मताचे काही शे रुपये वाया जात नाहीत.

जुनं भोक, म्हणजे वर्षानुवर्षं वाहणारा कान, ही वेगळी गोष्ट आहे. यात दोन प्रकार आहेत आणि हा फरक कृपा करून लक्षात ठेवा. एका प्रकारात भोक पडद्याच्या मधल्या भागात असतं. सर्दीत किंवा पाणी गेल्यावर कान वाहतो, औषधाने कोरडा होतो. याचं ऑपरेशन सोयीने ठरवता येतं. सहा महिने, वर्ष थांबता येतं, मात्र कान कोरडा ठेवून आणि डॉक्टरांना विचारून. दुसऱ्या प्रकारात पडद्याच्या वरच्या किंवा मागच्या भागातून त्वचा आत ओढली जाते आणि तिथे साठत राहून हाड पोखरते. याला कोलेस्टिएटोमा म्हणतात. पाणी थोडंच येतं, पण त्याला घाण वास असतो. हा प्रकार चेहऱ्याच्या नसेला इजा करू शकतो, संसर्ग मेंदूपर्यंत नेऊ शकतो. याचं ऑपरेशन पैसे जमेपर्यंत किंवा विम्याची मुदत पुरी होईपर्यंत लांबवायचं नसतं. कानामागे सूज, तीव्र डोकेदुखी, चक्कर, चेहरा एका बाजूला वाकडा होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अशा वेळी मुदत ठेव मोडावी लागली तर मोडा. ठेव त्यासाठीच असते.

तेव्हा पहिला खर्च तपासणीचा. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान बघून घ्या आणि ऐकण्याची चाचणी, म्हणजे ऑडिओमेट्री, करा. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हे अगदी थोड्या पैशांत होतं. रांग असते, एक दिवसाची मजुरी बुडते, हे मान्य. पण "माझा कान थांबू शकतो का?" या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी मिळतं, आणि पुढचा सगळा हिशेब त्या उत्तरावर उभा आहे.

ऑपरेशनचं नाव टिम्पॅनोप्लास्टी. आजची पद्धत 1950 च्या दशकात जर्मनीतल्या वुल्स्टाइन आणि झोलनर या डॉक्टरांनी पक्की केली. कानाच्या वरच्या बाजूला जो स्नायू असतो, त्यावरचं पातळ आवरण काढून त्याचं ठिगळ पडद्याला आतून लावतात. काही वेळा कानाच्या कूर्चेचा तुकडा वापरतात. काम सूक्ष्मदर्शकाखाली किंवा दुर्बिणीने होतं. भूल पूर्ण देतात किंवा फक्त त्या जागेपुरती. बरेच रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. कानामागचं हाडही साफ करावं लागलं तर त्याला मॅस्टॉइडेक्टॉमी म्हणतात, आणि मग वेळ व खर्च दोन्ही वाढतात. बहुतेकांचं ठिगळ धरतं, पण सगळ्यांचं नाही. भोक बुजलं तरी ऐकणं किती सुधारेल हे हाडांच्या आणि आतल्या नसेच्या अवस्थेवर अवलंबून असतं. "शंभर टक्के गॅरंटी" देणाऱ्यापासून लांब राहा, मग तो कानाचा असो की गुंतवणुकीचा.

आता विमा. तुमच्याकडे आरोग्य विमा असेल तर आज घरी गेल्यावर पॉलिसीचा कागद काढा आणि 'प्रतीक्षा कालावधी' असं लिहिलेलं पान शोधा. विमा घेतला आणि दुसऱ्या महिन्यात ऑपरेशन केलं, असं चालत नाही. विमा नियामक आयआरडीएआयने सगळ्या कंपन्यांसाठी 'आरोग्य संजीवनी' नावाची एकसारखी पॉलिसी 2020 मध्ये आणली. तिच्यात 24 महिने थांबावं लागणाऱ्या उपचारांची यादी आहे, आणि त्या यादीत टिम्पॅनोप्लास्टी आणि मॅस्टॉइडेक्टॉमी ही दोन्ही नावं स्पष्ट छापलेली आहेत. इतर बऱ्याच पॉलिसींतही कानाचे आजार अशाच यादीत असतात. अपघाताने आलेल्या दाव्याला मात्र ही 24 महिन्यांची अट लागू होत नाही. म्हणून पडदा अपघातात फाटला असेल, तर पहिल्याच दिवशीच्या केस पेपरवर तसं लिहून घ्या. नंतर लिहून घेतलेल्या कागदाला किंमत राहत नाही.

मग प्रश्न येतो जुन्या आजाराचा. कान लहानपणापासून वाहतो, हे प्रस्ताव अर्जात लिहायचं का? लिहायचं. एजंट म्हणेल, "ताई, हे कशाला लिहिता, हप्ता वाढेल, अर्ज अडकेल." तो म्हणेल आणि कमिशन घेऊन जाईल. दाव्याच्या वेळी कंपनी जुने कागद मागते. सरकारी दवाखान्यातल्या केस पेपरवर "बालपणापासून कान वाहतो" असं डॉक्टरांनी लिहिलेलं असतं, कारण तुम्हीच त्यांना ते सांगितलेलं असतं. मग दावा नाकारला जातो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. भरलेले हप्ते, ऑपरेशनचा खर्च आणि पुढच्या आजारांचं संरक्षण, तिन्हीवर पाणी. याउलट खरं लिहिलं, तर कंपनी जास्तीत जास्त किती थांबवू शकते याला मर्यादा आहे. 1 एप्रिल 2024 पासून आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा कालावधी 36 महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. एकाच आजाराला दोन्ही अटी लागू होत असतील, तर त्यातली मोठी धरली जाते.

दोन-तीन वर्षं हा मोठा काळ वाटतो. पण पहिल्या प्रकारच्या, कोरड्या राहणाऱ्या कानासाठी तो काही वेळा परवडतो. तिथे एकच धोका आहे, तो म्हणजे पॉलिसी खंडित होण्याचा. वार्षिक हप्ता चुकला तर 30 दिवसांची सवलतीची मुदत असते. तीही उलटली तर जमा झालेले महिने हातचे जाऊ शकतात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हप्त्याची तारीख पगाराच्या किंवा पीक विकण्याच्या महिन्यात येईल अशी घ्या. त्यासाठी आवर्ती ठेव लावली तर उत्तम. कंपनी बदलायची झाली तर पोर्टिंग करा. त्यात आधी काढलेला प्रतीक्षेचा काळ सोबत येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेव्हा नूतनीकरणाच्या पावतीवर तो लावलेला दिसला तर विचारा.

सगळ्यांनाच खासगी विमा घ्यावा लागतो असं नाही. घरातलं कुणी कारखान्यात किंवा दुकानात नोकरीला असेल आणि पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल, तर ईएसआयसी लागू आहे का ते बघा. पगाराच्या चिठ्ठीवर 0.75 टक्के कपात दिसते. तिथे उपचार कुटुंबालाही मिळतात. अटी पूर्ण असतील तर कामगाराला स्वतःच्या आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कमही मिळते. खासगी आरोग्य विमा बुडालेली मजुरी सहसा देत नाही, आणि या ऑपरेशनात एक-दोन आठवडे काम बंद राहतंच. ओझं उचलण्याचं काम असेल तर त्याहून जास्त. शिवाय कंपनीने काढलेला सामूहिक विमा असेल तर कार्यालयात विचारा. अशा अनेक पॉलिसींत प्रतीक्षा कालावधी माफ केलेला असतो. नोकरी बदलण्याच्या विचारात असाल, तर राजीनाम्याआधी ही चौकशी करा.

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि जुना आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. या योजनेच्या उपचारांच्या यादीत टिम्पॅनोप्लास्टी आहे. कार्ड एका राज्यात काढलं आणि तुम्ही कामासाठी दुसऱ्या राज्यात असाल, तरी योजना लागू असलेल्या राज्यांतल्या संलग्न रुग्णालयात ते चालतं. गाव सोडून सुरतला, हैदराबादला किंवा इंदूरला राहणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्यावं. 70 वर्षं आणि त्यावरच्या ज्येष्ठांना उत्पन्नाची अट नाही. फक्त ज्या रुग्णालयात जाणार, तिथे कान-नाक-घसा विभाग योजनेत आहे का, हे आधी विचारा. रुग्णालय संलग्न असतं, पण तो विभाग नसतो, असं होतं. चौकशीसाठी आणि तक्रारीसाठी 14555 हा क्रमांक आहे. योजनेखाली भरती असताना कुणी वेगळे पैसे मागितले, तर द्यायच्या आधी या क्रमांकावर फोन लावा.

यातलं काहीच नसेल तर? सरकारी रुग्णालय आहे, आणि आपली बचत आहे. इथे थोडं गणित करू. समजा, खासगी रुग्णालयाने 60,000 रुपये सांगितले. हा आकडा मी उदाहरणापुरता धरला आहे. तुमच्या शहरात तो कमी-जास्त असेल, म्हणून दोन-तीन ठिकाणांहून लेखी अंदाजपत्रक घ्या. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभर थांबायला हरकत नाही. तुम्ही महिना 5,000 रुपयांची आवर्ती ठेव लावली. साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाअखेर मुद्दल 60,000 आणि व्याज सुमारे 2,100 रुपये.

आता दुसरी बाजू. तेच 60,000 वैयक्तिक कर्ज घेऊन भरले, 16 टक्के दराने, दोन वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता सुमारे 2,940 रुपये, आणि एकूण परतफेड साडेसत्तर हजारांच्या आसपास. म्हणजे साडेदहा हजार वर गेले. आणि क्रेडिट कार्डावर भरून थकवले, महिन्याला साडेतीन टक्के दराने, तर एकाच महिन्याचं व्याज 2,100 रुपये होतं. वर्षभर पैसे साठवून जेवढं व्याज कमावलं, तेवढं कार्ड एका महिन्यात घेऊन जातं. हप्ता लहान दिसतो म्हणून फसू नका.

मुदत ठेव असेल आणि थांबणं शक्य नसेल, तर ती मोडण्याआधी बँकेत दोन आकडे मागा. ठेव मोडली तर किती व्याज कापणार, आणि ठेवीवर कर्ज घेतलं तर काय दर. ठेवीवरच्या कर्जाचा दर बहुधा ठेवीच्या दराहून एक-दोन टक्केच जास्त असतो. ठेवीची मुदत संपत आली असेल तर कर्ज स्वस्त पडतं, नुकतीच ठेवली असेल तर मोडणं स्वस्त पडू शकतं. हे शाखेत बसून दहा मिनिटांत कळतं. सावकाराचा विचार त्यानंतर, आणि शक्यतो नकोच.

भरती होण्याच्या दिवसाबद्दलही थोडं बोलतो. ठरवून केलेलं ऑपरेशन असेल तर विमा कंपनीला आधी कळवावं लागतं. आरोग्य संजीवनीत ही मुदत किमान 48 तासांची आहे. कॅशलेस मंजुरीच्या अर्जावर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असा नियामकाचा 2024 चा आदेश आहे. हा आदेश रुग्णालयाच्या विमा खिडकीवर नम्रपणे सांगायला हरकत नाही. काम हलतं.

खोली निवडताना जपा. समजा विमा रक्कम 2 लाख आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा 2 टक्के, म्हणजे दिवसाला 4,000 रुपये. पाहुणे येतील म्हणून तुम्ही 6,000 ची खोली घेतली. तुम्हाला वाटेल, दिवसाचे 2,000 खिशातून जातील. पण बऱ्याच पॉलिसींत ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टरांची फी यांसारख्या खर्चालाही तेच प्रमाण लावतात. असा खर्च 48,000 झाला, तर कंपनी 32,000 धरते आणि 16,000 तुमच्यावर येतात. औषधांना हे प्रमाण सहसा लागत नाही. एका रात्रीच्या मोठ्या खोलीसाठी ही फार मोठी किंमत आहे. आरोग्य संजीवनीत याशिवाय दाव्याच्या 5 टक्के रक्कम तुमची असते, तीही हिशेबात धरा.

अनामत रक्कम रुग्णालयाच्या खात्यात भरा, पावती घ्या. वॉर्डातल्या कुणाच्या मोबाइलवर यूपीआयने पाठवू नका. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीकडे तक्रार करा, आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही आणि वकील लागत नाही.

ऑपरेशन नकोच असं ठरवणारेही असतात, आणि कान सुरक्षित प्रकारचा असेल तर तोही विचार करण्याजोगा निर्णय आहे. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस, पोहणं बंद, वर्षातून एकदा तपासणी, आणि ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र. लहान मुलाबद्दल मात्र डॉक्टरांचं नीट ऐका. वर्गात मागच्या बाकावर बसून निम्मं ऐकू येणाऱ्या मुलाला आपण "लक्ष देत नाही" म्हणून रागावतो. त्याचा कान तपासून घेणं हा त्याच्या शिक्षणासाठी साठवलेल्या पैशांतलाच खर्च समजा.

शेवटचं, घरी आल्यानंतरचं. साधारण आठवड्याने टाके काढतात. काही आठवडे कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, शिंक तोंड उघडं ठेवून द्यायची, विमानप्रवास डॉक्टरांना विचारूनच. या काळातली औषधं आणि तपासण्या यांची बिलं जपून ठेवा. आरोग्य संजीवनीत भरतीआधीचे 30 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 60 दिवस यांचा संबंधित खर्च मिळतो. पण ऐकणं किती सुधारलं हे बघायची ऑडिओमेट्री अनेकदा तीन महिन्यांनी करतात, म्हणजे 60 दिवस उलटून गेल्यावर. ते बिल तुमच्या खिशातून जाणार. तेवढे पैसे आजच बाजूला काढून ठेवा, नाहीतर बरं वाटतंय म्हणून ती चाचणी राहून जाते आणि ठिगळ धरलं की नाही हे कळतच नाही.

आता तुमचे प्रश्न घेतो. पॉलिसीचे कागद आणले असतील तर पुढे या, प्रतीक्षा कालावधीचं पान सोबत बसून शोधू.